मूळ आणि ठिगळ

दुसऱ्याची कृति लोकांपर्यंत पोंचविण्याचें काम ज्यांच्याकडे येतें, त्यांची अडचण फार जुनी आहे. लेखकाच्या हातून कांहीं चुका राहिलेल्या असतात. कांहीं गोष्टी देशकालपरत्वें बदलाव्या लागतात. आणि नक्कल करणाऱ्यास वाटतें कीं, एवढें आपण सुधारून घेतलें तर काय बिघडलें? अशा प्रत्येक ‘एवढ्या’चा थर मूळ ग्रंथावर चढत जातो, व पांचसात पिढ्यांनंतर कवीचें कोणतें आणि लेखनिकाचें कोणतें हें सांगणें कठीण होऊन बसतें. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं हातीं घेतलेली व १९६६ सालीं पुरी केलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ति ज्यांनीं चाळली असेल, त्यांस ह्या रोगावरील उपाय ठाऊक आहे. पानाच्या वरच्या भागांत संपादकांनीं निश्चित केलेली संहिता, आणि खालीं निरनिराळ्या पोथ्यांतील पाठभेद. संपादकाचा निर्णय कोणास पटो वा न पटो. तो कोठें घेतला हें वाचकास दिसतें, आणि हवा तर तो दुसरा पाठ स्वीकारूं शकतो.

हाच प्रश्न गेल्या पन्नास वर्षांत एका अगदीं निराळ्या क्षेत्रांत, म्हणजे संगणकाच्या सॉफ्टवेअरमध्यें, उपस्थित झाला. तेथें त्याचें उत्तर चुकलें म्हणजे लोकांच्या खाजगी व्यवहाराचीं कुलुपें उघडीं पडतात, असा अनुभव एकदां नव्हे, दोनदां आला आहे. आपल्याकडील पुष्कळ घरांतील मुलेंमुली ह्या धंद्यांत आहेत. तथापि ह्या प्रश्नाचा इतिहास त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या कानांवर क्वचितच आला असेल. तो येथें थोडक्यांत सांगण्याचें आम्ही योजिलें आहे.

प्रथम ह्या व्यवहारांतील पक्ष ओळखून घेऊं. प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य तो ज्या रूपांत लिहितो, त्यास सोर्स कोड म्हणतात. आम्ही त्यास मूळ संहिता म्हणूं. ती मनुष्यास वाचतां येते. यंत्रास चालवितां येईल असें तिचें रूपांतर करावें लागतें, त्याचे भाग संगणकावर योग्य जागीं ठेवावे लागतात, त्यास आधीं दुसरे कोणते प्रोग्रॅम लागतात तें नोंदावें लागतें, आणि काढून टाकावयाचा झाल्यास मागें कांहीं कचरा राहूं नये अशी तजवीज करावी लागते. हें सर्व करून गठडी बांधणें म्हणजे पॅकेजिंग. लिनक्सच्या जगांत हें काम बहुधा मूळ लेखक करीत नाहीं. डेबियन, रेड हॅट यांसारखीं वितरणें तयार करणारी मंडळी करते. एकेका वितरणांत हजारों लेखकांचे प्रोग्रॅम एकत्र नांदवावे लागतात. मूळ लेखकास ह्या मंडळींच्या बोलींत ‘अपस्ट्रीम’ म्हणतात, म्हणजे नदीच्या उगमाकडचा. गठडी बांधणारा त्याच्या खालच्या अंगास, आणि वापरणारा त्याच्याही खालीं. उगमाचें पाणी खालीं येतां येतां त्यांत कोणीं काय मिसळलें हें ओळखतां यावें कीं नाहीं, हाच आमच्या लेखाचा विषय आहे.

मूळ आणि फेरफार निराळे ठेवावयाचे तर दोन साधनें हवींत. दोन प्रतींतील फरक काढून दाखविणारें एक, आणि तो फरक पुन्हां मुळावर चढविणारें दुसरें. पहिलें साधन आधीं आलें. बेल प्रयोगशाळेंतील डग्लस मॅकिलरॉय यांचा ‘डिफ’ हा प्रोग्रॅम १९७४ सालच्या युनिक्सबरोबर बाहेर पडला. दोन फाइली दिल्या असतां कोणत्या ओळी गेल्या व कोणत्या आल्या एवढीच यादी तो देई. १९८५ सालीं लॅरी वॉल यांनीं ‘पॅच’ हा प्रोग्रॅम प्रसिद्ध केला. पॅच म्हणजे ठिगळ. डिफनें काढलेली यादी घेऊन तो मूळ फाइलीवर त्याप्रमाणें फेरफार करी. आणि मधल्या काळांत मूळ लेखकानें वरच्या ओळी वाढविल्यामुळें जागा थोडी सरकली असली, तरी आजूबाजूच्या ओळींच्या खुणेवरून ती जागा हुडकून काढी. ही युक्ति वरवर किरकोळ दिसते. परंतु तिच्यामुळें एक गोष्ट प्रथमच शक्य झाली: मूळ लेखकाची नवी आवृत्ति आली असतां आपलीं जुनीं ठिगळें तिच्यावर पुन्हां लावतां येऊं लागलीं. सबंध ग्रंथाची सुधारलेली प्रत पदरीं बाळगण्याचें कारण उरलें नाहीं.

ह्याच सुमारास डोनल्ड नुथ यांनीं आपल्या ‘टेक्स’ ह्या मुद्रणाच्या प्रोग्रॅमच्या बाबतींत तोच मार्ग निराळ्या रीतीनें आंखून दिला होता. निरनिराळ्या संगणकांवर टेक्स चालविण्यासाठीं त्यांत स्थानिक बदल करणें भागच होतें. पण मूळ फाइलीस कोणीं हात लावूं नये, बदल निराळ्या फाइलींत लिहावे, आणि यंत्रासाठीं रूपांतर करण्याच्या वेळींच दोहोंचा संयोग व्हावा, अशी त्यांची योजना होती. लेखकानेंच आपल्या कृतीचा मान राखून घेण्याची सोय करून ठेविल्याचें हें उत्तम उदाहरण होय.

लिनक्सचीं पहिलीं वितरणें १९९२ च्या सुमारास निघालीं तेव्हां मात्र हा विवेक सर्वत्र नव्हता. जो तो मूळ संहिता घेई, आपल्या सोयीप्रमाणें तींत काटछाट करी, आणि तयार झालेला प्रोग्रॅम लोकांस देई. त्यांत दोष निघाला तर तो लेखकाचा कीं बांधणाऱ्याचा, हें ठरविण्यास मार्ग नसे. एसएलएस नांवाच्या तत्कालीन वितरणांतील चुकांना कंटाळून इयन मर्डॉक ह्या पर्ड्यू विद्यापीठांतील विद्यार्थ्यानें १६ ऑगस्ट १९९३ रोजीं डेबियनची घोषणा केली. प्रत्येक गठडीस तिची काळजी वाहणारा एक नांवनिशीचा मनुष्य असावा, ही त्याच्या योजनेंतील महत्त्वाची गोष्ट होती. १९९४ सालीं फ्रीबीएसडीच्या मंडळींत जॉर्डन हबर्ड यांनीं ‘पोर्ट्‌स’ची पद्धति सुरू केली, तींत मूळ संहिता लेखकाच्याच जागेवरून उतरवून घेत, आणि पोर्ट्‌सच्या भांडारांत फक्त बांधण्याची कृति व ठिगळें ठेवीत.

रेड हॅटचा अनुभव विशेष बोधप्रद आहे. तिच्या पहिल्या गठडी-पद्धतींत वापरणाराची सोय पुष्कळ होती. पण मूळ संहिता जशीच्या तशी जपण्याची व्यवस्था नव्हती. रिक फेथ व डग हॉफमन यांनीं रचलेल्या दुसऱ्या पद्धतींत ती व्यवस्था होती, पण इतर सोयी कमी पडल्या. १९९५ सालीं मार्क यूइंग व एरिक ट्रोअन यांनीं दोहोंतील गुण एकत्र करून आरपीएम ही पद्धति सिद्ध केली. तिच्या तत्त्वांत ‘अस्पर्श मूळ’ हें एक तत्त्व ठळकपणें सांगितलेलें असे: लेखकानें दिलेली गठडी न उघडलेल्या पत्रासारखी ठेवावयाची, आणि आपले फेरफार शेजारीं निराळे.

डेबियननें १९९६ च्या सुमारास हेंच तत्त्व तीन फाइलींच्या रूपानें स्वीकारलें. पहिली लेखकाची मूळ गठडी. दुसरी डेबियनच्या फेरफारांची यादी. तिसरी एक छोटें वर्णनपत्र, ज्यांत पहिल्या दोहोंची पडताळणीची खूण व बांधणाऱ्याची सही. आवृत्तीच्या आंकड्यांतही ही सीमा उमटली आहे. लेखकाची आवृत्ति २.४ असेल तर डेबियनची पहिली गठडी ‘२.४-१’, आणि तिच्यांतील बांधणीची चूक दुरुस्त केली म्हणजे ‘२.४-२’. आडव्या रेघेच्या आधीं लेखकाचा अधिकार, नंतर बांधणाऱ्याचा. जे प्रोग्रॅम डेबियननें स्वतःसाठींच लिहिले आहेत, त्यांच्या आंकड्यांत ही रेघ नसते. कारण तेथें दोन पक्षच नाहींत.

येथें कित्येकांस असा प्रश्न पडतो कीं, लेखकानेंच बांधणीचीं कागदपत्रें आपल्या संहितेबरोबर कां देऊं नयेत? तीं ‘डेबियन’ नांवाच्या एका कप्प्यांत असतात. तो कप्पा लेखकानें आपल्या गठडींत ठेविला तर सर्वांचे कष्ट वांचतील! सद्धेतूनें असें करणारे लेखक पुष्कळ आहेत. परंतु डेबियनची मंडळी त्यांस विनयानें असें न करण्याविषयीं सांगते. ह्याचें कारण दोहोंच्या गतींत आहे. प्रोग्रॅमची नवी आवृत्ति वर्षांतून एकदां निघत असेल. बांधणीची दुरुस्ती आठवड्यांत दोनदां लागूं शकते. कप्पा लेखकाच्या ताब्यांत असला तर एका अवलंबनाचें नांव चुकलें म्हणून सबंध प्रोग्रॅमची नवी आवृत्ति काढावी लागेल. शिवाय वितरण एकच नाहीं. डेबियनवर उभारलेलें उबुंटू २००४ सालीं निघालें. आपल्याकडे सी-डॅकनें डेबियनच्याच पायावर ‘बॉस’ हें वितरण २००७ सालीं दिलें. प्रत्येकाची बांधणी थोडी निराळी. ह्या सर्वांचे नियम पाळण्याचा भार लेखकानें कां वाहावा? आणि त्याचा कप्पा व वितरणाचा कप्पा एकाच नांवाचे असल्यामुळें दोहोंची गल्लत होई ती वेगळीच. पुढील काळांतील पद्धतींत लेखकाच्या गठडींत असा कप्पा आढळलाच तर तो बाजूस सारून वितरणाचाच कप्पा घ्यावा, असा नियम करून हा तंटा मिटविण्यांत आला.

ह्या विभागणीस नीतीची व कायद्याचीही बाजू आहे. १९९७ सालीं डेबियननें जो सामाजिक करार व जीं मुक्त सॉफ्टवेअरचीं मार्गदर्शक तत्त्वें स्वीकारलीं, त्यांत दोन गोष्टी ह्याच विषयाच्या आहेत. चुकांच्या दुरुस्त्या व सुधारणा मूळ लेखकांस कळवूं, असें वचन करारांत आहे. आणि तत्त्वांपैकीं चौथें असें कीं, आपली संहिता बदललेल्या स्वरूपांत वांटूं नये अशी अट लेखकास घालतां येईल. मात्र बांधतेवेळीं चढविण्याचीं ठिगळें मुळासोबत वांटण्यास, आणि त्यांसह बांधलेला प्रोग्रॅम वांटण्यास, त्यानें मोकळीक दिली पाहिजे. बदललेल्या प्रतीस निराळें नांव द्यावें, अशी अटही तो घालूं शकतो. लेखकाचा आपल्या शब्दांवरील हक्क आणि वापरणाऱ्याचा बदल करण्याचा हक्क ह्या दोहोंस एकत्र नांदविण्याचा हा एक मार्ग होता.

नांवाच्या अटीचें प्रत्यंतर डेबियनलाच आलें. २००६ सालीं मोझिला संस्थेनें कळविलें कीं, ‘फायरफॉक्स’ हें नांव वापरावयाचें तर बोधचिन्हही आमचेंच हवें आणि फेरफार आम्हांस आधीं दाखवून मान्य करून घेतले पाहिजेत. डेबियनला दोन्ही अटी अडचणीच्या होत्या. तिनें तो प्रोग्रॅम ‘आइसवीझल’ ह्या नांवानें दिला, आणि दहा वर्षांनीं, २०१६ सालीं, दोघांचें जुळल्यावर जुनें नांव परत घेतलें. लोकांनीं ह्या भांडणाची थट्टा पुष्कळ केली. आमच्या मतें मोझिलाचें म्हणणें अगदींच गैर नव्हतें: दुसऱ्यानें ठिगळ लावलेल्या अंगरख्यावर शिंप्याचें नांव तसेंच ठेवावयाचें, तर शिंप्यास विचारावयास नको काय? डेबियनचेंही गैर नव्हतें. प्रत्येक टांक्यासाठीं परवानगीची वाट पाहत बसल्यास वापरणारा उघडा पडतो.

परंतु मूळ व ठिगळ निराळे ठेवणें आणि ठिगळ तपासणें ह्या दोन गोष्टी आहेत. हें शिकण्यास फार मोठी किंमत पडली. ओपनएसएसएल हा प्रोग्रॅम संगणकांमधील गुप्त संभाषणासाठीं लागणाऱ्या किल्ल्या तयार करतो. किल्ली कोणासही तर्कानें ओळखतां येऊं नये म्हणून तो निरनिराळ्या ठिकाणांहून अनिश्चितता गोळा करून तिचें मिश्रण करी. चुका हुडकणाऱ्या एका साधनानें त्या संहितेंतील एका ओळीबद्दल इशारा दिला. दिसण्यांत अगदीं तशीच ओळ त्या फाइलींत दोन जागीं होती. डेबियनच्या बांधणाऱ्यानें मूळ लेखकांच्या मंडळींत त्याबद्दल विचारणा केली. चुका शोधण्यास मदत होत असेल तर काढण्यास हरकत दिसत नाहीं, अशा अर्थाचें उत्तर मिळालें. आणि सप्टेंबर २००६ मध्यें दोन्ही ओळी बाद करणारें ठिगळ डेबियनच्या गठडींत गेलें. त्यांपैकीं एक ओळ खरोखर निरुपद्रवी होती. दुसरी मात्र गोळा केलेली सर्व अनिश्चितता मिश्रणांत घालणारी होती! ती गेल्यावर किल्लीचा वेगळेपणा चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकापुरताच उरला. एका जातीच्या यंत्रावर, एका प्रकारची व एका लांबीची किल्ली घेतली, तर निघूं शकणाऱ्या किल्ल्या ३२,७६८ हून अधिक नव्हत्या. साध्या संगणकानें एकामागून एक लावून पाहाव्या एवढीच ही संख्या. लुचियानो बेलो यांच्या हें लक्षांत येऊन १३ मे २००८ रोजीं जाहीर होईपर्यंत वीस महिने लोटले होते. तोंपर्यंत डेबियनवर, उबुंटूवर आणि त्यांच्यावर उभारलेल्या इतरांवर तयार झालेल्या किल्ल्या जगभर पसरल्या होत्या. त्या सर्व टाकून नव्या कराव्या लागल्या.

ह्या प्रसंगावरून बांधणाऱ्यास दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. आम्हांस तें न्याय्य वाटत नाहीं. त्यानें चोरून कांहीं केलें नाहीं. त्यानें विचारलें होतें. आणि ठिगळ जगास वाचावयास उघडें होतें. उणीव होती ती दोन ठिकाणीं. प्रत्यक्ष ठिगळ मूळ लेखकांच्या दप्तरांत परीक्षेसाठीं रीतसर गेलें नाहीं. आणि तेव्हांच्या पद्धतींत बांधणीचीं कागदपत्रें व लेखकाच्या संहितेंतील फेरफार एकाच लांबलचक यादींत गोळा होत. तींतून एवढ्या दोन ओळी वेंचून त्यांवर बोट ठेवणें जिकिरीचें होतें. जी वस्तु उघडी आहे पण ढिगांत पडली आहे, ती झांकलेलीच म्हणावयाची.

पुढील सुधारणा ह्याच दिशेनें झाल्या. २००९ पासून डेबियनच्या भांडारांत नवी पद्धति रूढ होऊं लागली. तींत प्रत्येक ठिगळ स्वतंत्र फाइलींत, तीं कोणत्या क्रमानें लावावयाचीं याची एक यादी, आणि बांधणीचा कप्पा निराळा. त्याच वर्षीं प्रत्येक ठिगळाच्या माथ्यावर काय लिहावें याचाही संकेत ठरला: हें कशासाठीं, कोणीं लिहिलें, कोठून आलें, आणि मूळ लेखकास पाठविलें काय. ह्या शेवटच्या प्रश्नाचें महत्त्व फार. ठिगळ कायमचें बाळगण्यासाठीं नसतें. तें मूळ लेखकाकडे जावें, त्यानें पारखावें, पटलें तर संहितेंत घ्यावें, आणि पुढच्या आवृत्तीच्या वेळीं आपल्या कप्प्यांतून तें निघून जावें; ह्यांतच त्याची सद्गति आहे.

येथपर्यंतच्या इतिहासांत मूळ शुद्ध व ठिगळ संशयास्पद असें एक गृहीत होतें. २०२४ सालच्या प्रसंगानें तें गृहीतही डळमळलें. एक्सझेड हा फाइली लहान करण्याचा एक साधा प्रोग्रॅम. त्याच्या एकट्या, थकलेल्या लेखकास मदत करण्याच्या मिषानें एका टोपणनांवी मनुष्यानें दोनअडीच वर्षें विश्वास संपादन केला, आवृत्ति काढण्याचा अधिकार मिळविला, आणि फेब्रुवारी व मार्च २०२४ मधील ५.६.० व ५.६.१ ह्या दोन आवृत्तींत चोरदरवाजा बसविला. त्याची रचना आमच्या विषयाच्या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. चोरदरवाजा जागृत करणारा तुकडा सार्वजनिक दप्तरांतील संहितेंत नव्हताच. तो फक्त लेखकाच्या नांवानें दिलेल्या तयार गठडींत होता. म्हणजे वितरणांनीं ज्यास ‘अस्पर्श मूळ’ म्हणून जपावें, तेंच विटाळलेलें होतें. आणि तो तुकडा आधीं असें पाही कीं, येथें डेबियनच्या बांधणीचा कप्पा आहे काय, किंवा आरपीएमची बांधणी चालली आहे काय. नसेल तर निमूटपणें बाजूस होई. ज्या सीमेनें प्रामाणिक मनुष्यास मार्ग दाखवावा, तिच्याच आधारें चोरानें आपलें सावज ओळखलें!

त्यांत ठिगळाचाही हात होता. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणें प्रवेश देणारा ओपनएसएसएच हा प्रोग्रॅम मुळांत एक्सझेडची लायब्ररी वापरीत नाहीं. डेबियनसारख्या कित्येक वितरणांनीं एका सोयीसाठीं त्यास ठिगळ लावलें होतें. त्या ठिगळामागून दुसरी एक लायब्ररी आली, व तिच्यामागून एक्सझेड. आंद्रेस फ्रॉइंड नांवाच्या प्रोग्रॅमरास प्रवेशास अर्धा सेकंद अधिक लागतो हें खटकलें. त्यानें पाठपुरावा करून २९ मार्च २०२४ रोजीं सर्व प्रकार उजेडांत आणला. त्या आवृत्ती वितरणांच्या चांचणीच्या शाखांतच पोंचल्या होत्या. स्थिर शाखा वांचल्या. त्याच वर्षीं जुलैंत ओपनएसएसएचच्या लेखकांनीं ती सोय बाहेरच्या लायब्ररीवर न विसंबतां आपल्या संहितेंत स्वतः आणली, आणि त्या ठिगळाची गरजच संपविली.

मग काय, मूळ व ठिगळ निराळे ठेवण्याचा खटाटोप व्यर्थ ठरला? आमचें मत याच्या उलट आहे. अपहार सांपडल्यावर त्याचा उलगडा इतक्या लवकर झाला, तो सीमा आंखलेल्या होत्या म्हणूनच. सार्वजनिक दप्तर एकीकडे, लेखकाची गठडी दुसरीकडे, वितरणाचा कप्पा तिसरीकडे. तिघांची ताडणी केली आणि फरक हातीं आला. हें सर्व एकाच ढिगांत असतें तर ताडून कशाशीं पाहावयाचें? मात्र एक धडा घेतला पाहिजे. ‘अस्पर्श’ म्हणजे ‘निर्दोष’ नव्हे. मूळ जसेंच्या तसें ठेवावयाचें तें त्याची पूजा करण्यासाठीं नाहीं, तर त्याची परीक्षा करतां यावी म्हणून.

ह्या पद्धतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो खोटा नाहीं: तिच्यांत कष्ट फार आहेत. मूळ प्रतींतच दुरुस्ती करून टाकणें पांच मिनिटांचें काम. तिचें ठिगळ करावयाचें, त्यावर कारण लिहावयाचें, मूळ लेखकास पत्र घालावयाचें, त्याच्या उत्तराची वाट पाहावयाची, आणि नवी आवृत्ति आली कीं तें पुन्हां बसवून पाहावयाचें, ह्यांत दिवस जातात. हें काम करणारे बहुतेक लोक तें फुरसतीच्या वेळीं व विनावेतन करतात. असें असूनही तीस वर्षें ही शिस्त टिकली, ती त्यांच्या अंगच्या एका जुन्या सद्गुणामुळें. दुसऱ्याचें लेखन हातीं आलें असतां त्यांत आपला शब्द घालण्याचा मोह त्यांनाही होतो. पण घातलेला शब्द आपला म्हणून ओळखूं यावा, एवढी मर्यादा ते पाळतात. संगणकाची विद्या नवी आहे. ही मर्यादा पोथ्या उतरविणाऱ्या प्रामाणिक लेखनिकांच्या काळची आहे, आणि ज्यांस तिचा कंटाळा आला त्यांनीं केलेली हानि निस्तरण्यास दोन्ही ठिकाणीं पुढच्या माणसांसच बसावें लागलें आहे.